लसणाची पाकळी

लसूण मीच खाल्ला. आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका पाकळीपायी घडलं.

लेकीने वाढदिवसाला नवा लॅपटॉप दिला. सोळा जीबी रॅम. म्हणाली, "बाबा, यावर वाट्टेल ते चालतं." मी त्यावर 'झॉर्क' चालवायचं ठरवलं. १९७७ साली एमआयटीतल्या चौघांनी पीडीपी-१० या अवाढव्य यंत्रावर लिहायला घेतलेला गेम. चित्र नाही, आवाज नाही. मजकूर वाचायचा आणि इंग्रजीत हुकूम सोडायचे. घरगुती कॉम्प्युटरवर तो मावेना म्हणून त्याचे तीन तुकडे केले, त्यातला पहिला १९८० साली आला. कॉलेजात सीनियर पोरं तो खेळायची आणि आम्हाला दारातूनच पिटाळायची. ती ठसठस इतकी वर्षं होती.

फाइल मिळाली. पुरती शंभर केबीही नाही. नातवाच्या बारशाचा एक फोटो याच्या कितीतरी पट जड. डबल-क्लिक केलं तर लॅपटॉप विचारतो, कशाने उघडू? मी म्हटलं, वर्डने. निवडायला घेतलेली डाळ सुपातून सांडावी तशी पडदाभर चिन्हं सांडली. तासाभराने कळलं, की ही नुसती कॅसेट आहे, टेपरेकॉर्डर वेगळा आणावा लागतो. इन्फोकॉम कंपनीच्या लोकांनी 'झी-मशीन' नावाचं, कुठेच नसलेलं यंत्र कल्पून गेम त्याच्यासाठी लिहिले, आणि दर नव्या कॉम्प्युटरसाठी त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा छोटा प्रोग्राम तेवढा बनवला. डोकेबाज माणसं. तेव्हाचे कॉम्प्युटर भंगारात गेले, पण कल्पनेतलं यंत्र काही गंजलं नाही. मी 'फ्रॉट्झ' नावाचा नक्कल्या उतरवून घेतला.

पांढरं घर आलं. समोर टपालपेटी. थरथरत्या बोटांनी 'ओपन' टाइप केलं. उमटली चार प्रश्नचिन्हं. पुन्हा केलं, पुन्हा चार. नोटपॅडमध्ये तेच टाइप केलं, तर तिथे आलं: दजाल. मी मोठ्याने वाचलं, "दजाल!" आतून बायको म्हणाली, "अहो, कुणाला शिव्या देताय?" सकाळी सोसायटीच्या थकबाकीदारांना पत्रं लिहिली होती, कीबोर्ड मराठीवरच राहिला होता.

मग मात्र गाडी सुटली. खिडकीतून स्वयंपाकघरात शिरलो. टेबलावर पाण्याची बाटली आणि एक पिशवी. पिशवीत तिखट मिरच्यांचं सँडविच आणि लसणाची एक पाकळी. खजिना शोधायला निघालेला शहाणा माणूस काय करील? मी आधी पोटोबा केला. सँडविच खाल्लं, वर तोंडी लावायला लसूण. गेमने अडवलं नाही, उलट सँडविचबद्दल आभार मानले. दिवाणखान्यात कंदील आणि तलवार मिळाली, गालिच्याखाली चोरदरवाजा सापडला. खाली उतरलो, तर दार धाडकन लागलं आणि वरून कुणीतरी अडसर घातला. खालच्या राक्षसाला तलवारीने लोळवलं. सीनियर पोरांनी आता यावं म्हटलं.

पुढे भुलभुलैयात एकाक्ष राक्षस भेटला. तो भुकेला होता. माझ्याजवळ खायला काही नव्हतं, म्हणून त्याने मलाच खाल्लं. दहा गुण कापून गेमने मला जंगलात पुन्हा जिवंत केलं. रात्री एकपर्यंत चाचपडत कोळशाच्या खाणीपाशी पोचलो, तर एका वटवाघळाने उचललं आणि भलतीकडेच नेऊन टाकलं. परत आलो, परत उचललं. पाचव्यांदा लेकीला मेसेज केला. तिचा फोनच आला.

"बाबा, लसूण जवळ ठेवा, मग ते लांब राहतं."

"लसूण माझ्याजवळच आहे. पोटात."

प्रोग्राम एवढंच बघतो म्हणे, की पाकळी तुमच्या हातात किंवा त्या खोलीत आहे का. तोंडाला येणारा वास त्यात धरलेला नाही.

"आणि सँडविच? ते त्या राक्षसाचं होतं."

मी घसा खाकरला.

"बरं, मागचा सेव्ह उघडा."

आता सेव्ह आपोआप होत नाही हे मला कुणी सांगायला नको?

दुसऱ्या रात्री नव्याने बसलो. पिशवी बरोबर घेतली, पण आतल्या कशाला तोंड लावलं नाही. लसूण शाबूत, सँडविच शाबूत. एकाक्षापुढे जाऊन रुबाबात सँडविच धरलं. त्याने ते मिटक्या मारत संपवलं. मिरच्या आवडल्या त्याला. त्याला तहान लागली. मी बाटली पुढे करायला गेलो आणि आठवलं, की वाटेत, अडगळीच्या खोल्या हिंडून दमलो म्हणून, पाणी मी पिऊन टाकलं होतं. तो माझ्या मानेकडे बघत होता.