बावन्नराव

चिंचपोकळीत हल्ली सगळंच वर चाललं आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर वर गेले, खोल्यांचे भाव वर गेले, गणपतीच्या मूर्ती तर कधीच्याच वर गेल्या. या चढाओढीत एकाच माणसाला खाली जायचं आहे, महिन्याला नाडीच्या निदान एका ठोक्याने. आपण त्याला बावन्नराव म्हणू. ओळख करून देताना तो नावाआधी आकडा सांगतो. "रेस्टिंग बावन्न," असं म्हणून हात पुढे करतो. हात मिळवायला नव्हे, घड्याळ दाखवायला.

असा एक बावन्नराव आता प्रत्येक चाळीत सापडतो. वय सेहेचाळीसच्या आसपास, पोट गेलेलं, गाल त्याहून अधिक गेलेले. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची मेडलं देवघराशेजारच्या खिळ्याला लटकलेली. २००४ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा राहून, एका हातात वडापाव धरून उरलेल्या एका हाताने टाळ्या वाजवत होता. हे तो सांगत नाही, आम्ही सांगतो. "बरा आहेस ना?" असं विचारलं, तर तो आधी मनगट बघतो आणि मग उत्तर देतो.

त्याचा दिवस पहाटे साडेचारला न हलण्याने सुरू होतो. निवांत नाडी मोजायची ती जाग आल्या आल्या, अंथरुणातच, चहाच्या आधी. नियम योग्यच आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत एकाने निवांत राहायचं म्हटलं की बाकीच्या चौघांना श्वास रोखून बसावं लागतं. त्या दोन मिनिटांत भांडं वाजवायचं नाही, दिवा लावायचा नाही, त्याला ओलांडून मोरीकडे जायचं नाही. एकदा आईने "अरे, उठलास का?" एवढंच विचारलं, तर चार ठोके वाढले. संध्याकाळपर्यंत अबोला. खिडकीखालून जाणाऱ्या लोकलला मात्र तो काही बोलू शकत नाही. तिच्या नावाने दोन ठोके वजा करतो.

मग धावणं. पूल ओलांडायचा, सानेगुरुजी मार्गाने सात रस्ता गाठायचा, तिथून महालक्ष्मी, हाजी अली, वरळी सी-फेस. वाटेत आर्थर रोड तुरुंग लागतो. काळोखात तुरुंगाच्या भिंतीलगत एक माणूस पळत येतो आणि दर दहा पावलांवर मनगट बघतो, हे पहाऱ्यावरच्या पोलिसांना सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. आता ते ओळखतात. "किती?" असं तेच विचारतात.

पळत येतो म्हटलं, पण ते पळणं बघण्यासारखं असतं. बावन्नराव झोन टूचा भक्त आहे. २२० मधून वय वजा करायचं, म्हणजे १७४ ही त्याची कमाल नाडी. तिच्या साठ ते सत्तर टक्क्यांत, म्हणजे १०४ ते १२२ च्या मध्ये राहायचं. हे सूत्र सरासरीचं. एखाद्याची कमाल नाडी दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असू शकते. पण बावन्नराव १२३ झाले की थांबतो. परिणामी रेसकोर्सवर चालायला येणाऱ्या मावश्या त्याला मागे टाकून जातात. त्यातल्या एकीने कळवळून विचारलं, "बाळा, पाय मुरगळलाय का?" त्याने तिला झोन टू समजावून सांगितला. धावताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, हीच त्या झोनची खूण. त्यामुळे मावशींना पुढचे दोन फेरे सगळी वाक्यं ऐकावी लागली.

एकदा सी-फेसवर असाच रमतगमत पळताना घड्याळाने १७२ दाखवली. बावन्नराव मटकन कट्ट्यावर बसला आणि फोन करून त्याने बायकोला विम्याची फाइल कुठे आहे ते सांगितलं. झालं होतं एवढंच, की पट्टा सैल होता. घड्याळाचा हिरवा दिवा कातडीखालचं रक्त किती भरतं-ओसरतं ते टिपतो. पट्टा हलला की तो कधीकधी नाडीऐवजी पावलंच मोजत बसतो. मिनिटाला १७२ पावलं, हिशेब चोख होता.

नाडीचं शास्त्र तो गॅलरीत उभा राहून शिकवतो, आणि खरं सांगायचं तर बरोबर शिकवतो. मोठ्या माणसाची निवांत नाडी मिनिटाला ६० ते १०० भरते. पडल्या पडल्या शरीराला मिनिटाला पाचेक लिटर रक्त लागतं. साधं हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटर ढकलतं, म्हणून त्याला सत्तर ठोके लागतात. वर्षानुवर्षं धावलं की डावा कप्पा ऐसपैस होतो, एका दमात शंभराच्या आसपास ढकलतो, आणि हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोरही वाढतो. मग पन्नास-बावन्नात भागतं. कसलेल्या धावपटूंची नाडी चाळीसपर्यंत उतरते. सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या सायकलपटू मिगेल इंदुराइनची २८ होती म्हणतात. हे नाव घेताना बावन्नराव कानाची पाळी पकडतो.

"सत्तरने दिवसाला १,००,८०० ठोके होतात," तो गॅलरीला सांगतो. "माझे ७४,८८०. म्हणजे रोज २५,९२० वाचतात!"

"आणि ते ठेवतोस कुठे?" आतून आबांचा आवाज येतो.

आबा म्हणजे त्याचे वडील. साचेखात्यात होते, १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मुलाच्या घड्याळाला ते जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम म्हणतात. घड्याळ रोज शेरा मारतं. 'प्रॉडक्टिव्ह' आला तर बावन्नराव शीळ घालत आंघोळीला जातो. 'अनप्रॉडक्टिव्ह' आला तर पोह्यांना हात लावत नाही. आबा चष्म्यावरून बघतात. "आम्हाला जॉबरनं तोंडावर असं म्हटलं असतं, तर दुपारच्या पाळीला गेटवर लाल बावटा लागला असता. तू तर त्याला पैसे मोजून घरात आणलास, वर रोज रात्री चार्जिंगला लावतोस."

बावन्नरावाचं खरं दुखणं मात्र आबा नव्हेत. तळमजल्यावरचे काका आहेत. गणेशोत्सवाच्या बैठकीत हौसेने सगळ्यांची नाडी मोजली गेली आणि काका पन्नासवर आले. काका फक्त लोकल सुटताना पळतात, तेही कठडा धरून. बावन्नरावाने तीन वेळा मोजली, पन्नासच. शेवटी कळलं, की काकांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, आणि ती गोळी नाडी उतरवतेच. "हे डोपिंग झालं!" बावन्नराव ओरडला. त्यातही तो अगदीच चुकला नव्हता. नेमबाजीच्या स्पर्धांत ही औषधं खरोखरच निषिद्ध आहेत, हात स्थिर राहतो म्हणून. काका शांतपणे म्हणाले, "मी काय बंदूक घेऊन आलो होतो का?"

कुणाची नाडी जन्मतःच संथ असते, कुणाची गोळीने, कुणाची थायरॉइड मंदावल्याने. त्यामुळे ही नाडी शेजाऱ्याशी ताडायची नसते. आपल्याच गेल्या महिन्याशी ताडायची असते. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके चढली, तर झोप कमी झाली, पाणी कमी पडलं किंवा ताप येऊ घातलाय, एवढं ती इमानाने सांगते. बावन्नरावाला हे तोंडपाठ आहे. पण शेजाऱ्याशी ताडायचंच नसेल तर मोजायचं कशाला, हा अस्सल चिंचपोकळीचा प्रश्न त्याला सुटत नाही.

त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे विम्यासाठी ईसीजी काढला तो. कागदावर छापून आलं : साइनस ब्रॅडिकार्डिया. साठच्या खालच्या नाडीला वैद्यकात हेच नाव आहे. बायको रडायला लागली, आईने देव पाण्यात ठेवले, आणि बावन्नराव पेढे घेऊन आला. डॉक्टरांनी चक्कर येते का, भोवळ येते का, दम लागतो का, असं विचारलं. यातलं एकही उत्तर 'हो' असतं तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. सगळी 'नाही' आली. मग डॉक्टर म्हणाले, "धावता ना? मग ठीक आहे." एवढं किरकोळ सर्टिफिकेट त्याला आवडलं नाही. त्याने ईसीजीच लॅमिनेट करून घेतला.

एकदा आबांनी त्याला बारामतीच्या लता करेंची गोष्ट ऐकवली. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरली आणि पहिली आली. पुढे तिच्यावर सिनेमाही निघाला. आबांना वाटलं, पोराचे डोळे उघडतील. पोरगा भारावून ऐकत राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "त्यांचा रेस्टिंग काय असेल हो?"

वर्षातून एक दिवस मात्र बावन्नरावाचा हिशेब कोलमडतो. चिंचपोकळीच्या गणपतीच्या, चिंतामणीच्या आगमनाचा दिवस. १९२० पासूनचं मंडळ. मूर्ती निघाली की परळ-लालबागचा रस्ता दिसेनासा होतो. ढोल-ताशाच्या समोर बावन्नराव गर्दीत असा चेपला जातो, की पाऊल हलत नाही. घड्याळ घाबरून थरथरतं : आपण स्थिर दिसता, तरी नाडी १२८ आहे. तो ते बाहीखाली ढकलतो. आबा खांद्यावर हात ठेवून शेजारीच उभे असतात आणि दोघेही घसा फाटेस्तोवर ओरडत असतात. त्यानंतर दोन वडे, तिसरा वडा, घरी यायला रात्रीचे दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी एकसष्ट. चाळीला हे ठाऊक असतं. त्या सकाळी त्याला कुणीही "किती?" असं विचारत नाही, तुरुंगावरचे पोलीससुद्धा नाही. एवढी माणुसकी गिरणगावात अजून आहे. पण बावन्नरावाला गप्प राहवत नाही. नळावर, दुधाच्या रांगेत, जिन्यात, भेटेल त्याला थांबवून तो आपणहून सांगतो, "एकसष्ट आली. पण पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी, झोपेत, एकदा एकोणपन्नास लागली होती."