अध्यक्षांचा फोटो व इतर अडथळे

मंडळाच्या संकेतस्थळाचे वापरकर्ते दोन प्रकारचे असतात: ज्यांचे फोटो त्यावर आहेत ते, आणि ज्यांना त्यावरून माहिती हवी आहे ते. पहिल्यांची सोय उद्‌घाटनाच्या दिवशीच झालेली असते. दुसऱ्यांपैकी ज्यांना दिसत नाही, कमी दिसते, ऐकू येत नाही किंवा माउस धरता येत नाही, त्यांच्या सोयीला सुगम्यता म्हणतात. कार्यकारिणीच्या सभेत हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात निघतो आणि चहा आला की संपतो.

मुखपृष्ठावर सर्वप्रथम अध्यक्षांचा फोटो असतो. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरते. तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. संगणकासाठी एनव्हीडीए फुकट मिळतो, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतो. फोटोसाठी मात्र त्याचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर लिहून ठेवावा लागतो. तो नसेल तर यंत्र अनेकदा फाइलचेच नाव वाचते आणि समाजभूषण अध्यक्ष 'आयएमजी २०२३०९१९' म्हणून ओळखले जातात.

त्याखाली कार्यक्रमपत्रिका. ती फ्लेक्ससाठी केलेली असते आणि तशीच चित्र म्हणून चढवली जाते. तारीख, वेळ, स्थळ सगळे चित्रात. ऐकणाऱ्याच्या वाट्याला शून्य. शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सचा तिरका स्कॅन. क्वचित खरा मजकूर असतो, पण तो जुन्या डीटीपी फॉन्टमधला: डोळ्यांना मराठी, यंत्राला रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. ही बातमी मंडळापर्यंत पोचायची आहे.

रंगसंगती अस्मितेनुसार ठरते, म्हणून पिवळ्यावर केशरी. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार (डब्ल्यूसीएजी) नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उठाव किमान 4.5 : 1 हवा. आपोआप वाजणारा आवाज तीन सेकंदांहून जास्त चालत असेल, तर तो बंद करण्याची सोय हवी. मंडळाची सनई पान उघडताच सुरू होते आणि तिच्याखाली स्क्रीन रीडरचा आवाज गाडला जातो. भाषणांच्या चित्रफितींना उपशीर्षके नसतात. त्यामुळे कर्णबधिर सभासद भाषणातून सुटतात हे खरे. पण सुटायचे की नाही, हे त्यांनी ठरवायला हवे.

यावर ठेकेदाराकडे तयार उपाय असतो: कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह, दाबले की अक्षरे मोठी. अक्षरे ब्राउझर स्वतःच मोठी करतो, आणि त्या बटणाने अर्ज काही वाचता येत नाही. पण चिन्ह दिसते, बिल निघते, आणि वार्षिक अहवालात 'दिव्यांगस्नेही' हा शब्द बसतो.

कायदा याहून पुढे गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, आणि डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये म्हटले. मंडळाचे म्हणणे साधे असते: 'आपल्यात तसं कोणी नाही.' 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले. ते सर्व अन्य मंडळांचे सभासद असावेत. मोतीबिंदू झालेले सल्लागार मंडळही या मोजणीत धरलेले नसते.

दुरुस्तीला निधी फारसा लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, चित्रांना वर्णन द्यावे, अर्जातल्या प्रत्येक रकान्याला नाव द्यावे, सगळे पान केवळ टॅब कळीने फिरता येईल असे करावे आणि सनई मांडवात वाजवावी. मग कार्यकारिणीने डोळे मिटून, टॉकबॅक लावून, आपल्याच संकेतस्थळावर पुढच्या सर्वसाधारण सभेची तारीख शोधावी. ज्याला ती सापडेल त्यानेच 'संकेतस्थळ सर्वांसाठी खुले आहे' या वाक्याखाली सही करावी.