उलटी पागडी

मुंबईत जुन्या चाळीत खोली घ्यायची तर भाडेकरूनं मालकाला पागडी मोजायची, ही आपली रीत. अमेरिकेत एक भाडेकरू असा आहे की तो मालकाकडूनच पागडी घेतो, वर मालकाच्याच पैशानं घर बांधून घेतो आणि पंधरा-सतरा वर्षांत चंबूगबाळं आवरून दुसऱ्या गावाला निघून जातो. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या थोरामोठ्यांचं संग्रहालय, हे त्याचं नाव.

कॉलेजच्या खेळाचं एवढं काय, असं इथल्या वाचकाला वाटेल. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला संघातल्या मुलांचे मित्र आणि तास बुडवलेली चार टाळकी जमली तरी प्राचार्य खूश असतात. तिकडे एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. म्हणजे वानखेडेची तीन स्टेडियम भरून माणसं उरतील. आणि हे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू काखेत धरून धावायचं, हेल्मेटवाल्यांचं. एवढ्या मोठ्या देवाला देऊळ हवंच. प्रश्न एवढाच, की देऊळ कुठं बांधायचं?

इतिहासाला विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात उत्तर दिलं असतं. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. रटगर्स ६-४ नं जिंकलं. एकेका बाजूला पंचवीस खेळाडू, चेंडू गोल आणि तो हातात घेऊन पळायला बंदी. आजच्या खेळाशी त्याचं साम्य शोधायला भिंग लागेल, पण जन्मस्थान ते जन्मस्थान. हॉल ऑफ फेम चालवणाऱ्या नॅशनल फुटबॉल फाउंडेशननंही आधी तिथंच देऊळ बांधायचं ठरवलं. रटगर्सनं आपल्या मैदानाशेजारची जमीन दिली. देणग्या गोळा होऊ लागल्या. वर्षं गेली, देणग्या होतच राहिल्या आणि कुदळ काही पडेना. शेवटी राज्याच्या अॅटर्नी जनरलनं हिशेबाची चौकशी सुरू केली, तेव्हा संस्थेचं दप्तर न्यूयॉर्कला हललं. तिथं पुन्हा देणग्या, पुन्हा अॅटर्नी जनरल, पुन्हा चौकशी. मग ओहायो. चौकशी मागे लागली की भक्ताला नव्या क्षेत्राचा साक्षात्कार होतो, हे आपल्या संस्थाचालकांना कुणी समजावून सांगायला नको.

ओहायोत १९७८ साली वास्तू खरोखर उभी राहिली. कुठं? सिनसिनाटीजवळ, किंग्ज आयलंड नावाच्या जत्रेसारख्या करमणूक बागेला खेटून. आता तर्क बघा. बागेत लाखो माणसं येतात, त्यातली निम्मी तरी जाता जाता डोकावतील. पुढच्याच वर्षी बागेनं ‘द बीस्ट’ नावाचा लाकडी रोलर कोस्टर सुरू केला, जगातला सर्वांत लांब. ज्याचं काळीज नुकतंच घशात येऊन परत गेलंय आणि ज्याची तीन पोरं दुसऱ्या फेरीसाठी हात ओढतायत, असा बाप कातडी हेल्मेट बघायला शेजारच्या इमारतीत जाईल, असं कुणाला तरी मनापासून वाटलं होतं. सुरुवातीला लोक गेलेही. मग ओसरले. १९९२ मध्ये टाळं लागलं.

आता आलं इंडियानातलं साउथ बेंड. या गावाविषयी मला खरोखर माया आहे. स्टुडबेकर मोटारींचा कारखाना ही या गावाची शान होती. १९६३ च्या डिसेंबरात तो बंद पडला आणि गावाच्या मध्यभागी कायमची दुपार पसरली. अशा गावाला कुणीही येऊन म्हणालं की आम्ही तुमच्याकडे पर्यटक आणतो, तर ते पाट-पाणी मांडतंच. त्यात नोत्र दाम विद्यापीठ गावाला लागूनच. कॉलेज फुटबॉलची ही पंढरी, ती काही शहराला बनवावी लागली नव्हती. शिकागो दीड-दोन तासांवर, जवळून हमरस्ता. कागदावर यात खोट काढणं अशक्य.

आणि कागद तर अशा वेळी लागतोच. यजमान शहर ठरवण्याच्या या अख्ख्या उद्योगात मला सर्वांत मोठा कलावंत वाटतो तो अंदाज बांधणारा सल्लागार. हमरस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी थांबेल असं धरायचं. प्रत्येक गाडीत चार माणसं धरायची. त्यातल्या प्रत्येकानं तिकीट काढून, टोपी विकत घेऊन, जेवून, रात्री हॉटेलात मुक्काम केला असं धरायचं. मग एवढ्यावर दहा टक्के काट मारून खाली लिहायचं : ‘हा सावध अंदाज आहे.’ साउथ बेंडमध्ये वर्षाला दीड लाख पाहुणे येतील असा अंदाज होता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या मध्यवस्तीत दिमाखदार इमारत उघडली. पहिल्या वर्षी एक लाख पंधरा हजारांच्या आसपास लोक आले. नंतर वर्षाला ऐंशी हजार.

यात दगा कुणाचा? पंढरीच्या वारकऱ्यांचाच. नोत्र दामचे घरचे सामने हंगामात सहा-सात. त्या शनिवारी ऐंशी हजार माणूस गावात उतरतो, पार्किंगमध्ये गाडीचा मागचा दरवाजा उघडून शेगडी पेटवतो, सॉसेज भाजतो, बीअर पितो, सामना बघतो, घसा बसेपर्यंत ओरडतो आणि घरी जातो. काही किलोमीटरवर आपल्याच दैवताचा मखर आहे, याची त्याला खबर असते. पण समोर साक्षात देव धावत असताना तसबीर बघायला कोण जाणार? उरले वर्षाचे साडेतीनशे दिवस. त्यातले बरेचसे बर्फाचे.

दरम्यान एक मजा चालूच होती. ज्यांच्यासाठी हे सारं, त्या मानकऱ्यांचा सोहळा, म्हणजे दरवर्षीची मोठी सत्काराची मेजवानी, ओहायोत व्हायची नाही की साउथ बेंडला. ती न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात. छप्पर दुरुस्त करायचं यजमान शहरानं, पंक्ती उठायच्या मॅनहॅटनला. गेल्या काही वर्षांपासून मेजवानी लास व्हेगासला असते. हेही ठीकच. खोटे अंदाज बांधणाऱ्यांना पैसे गमावण्याची योग्य जागा निदान पत्त्यासकट सापडली.

२००९ मध्ये फाउंडेशननं जाहीर केलं की मुक्काम आता अटलांटाला. साउथ बेंडचं दार २०१२ च्या अखेरीस मिटलं. इमारत शहराच्या गळ्यात. पुढे तीही विकली गेली.

अटलांटाची कहाणी वेगळी. हे शहर घायकुतीला आलेलं नव्हतं, चिडलेलं होतं. मोटार शर्यतवाल्या नॅस्कारचं हॉल ऑफ फेम मिळावं म्हणून त्यानं बोली लावली होती आणि २००६ मध्ये ते शार्लटनं पळवलं. (शार्लटला अंदाजाच्या तुलनेत फारच थोडे पाहुणे मिळाले. पण हरलेल्याला हे आधी कुठं ठाऊक असतं!) त्यामुळे दुसरं कुठलंही हॉल ऑफ फेम चालणार होतं. इतिहास? तो सापडतोच. १९१६ साली याच शहरात जॉर्जिया टेकनं कंबरलंड कॉलेजला २२२-० असं हरवलं होतं. प्रशिक्षक होते जॉन हाइझमन, ज्यांच्या नावानं आज या खेळातला सर्वांत मानाचा करंडक दिला जातो. पाहुण्याची इतकी मनसोक्त धुलाई दुसऱ्या कुठल्या शहराच्या नावावर नाही, म्हणजे मान त्यांचाच. इतिहास अगदीच नसला तरी अडत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला बेसबॉलचं देऊळ आहे ते अॅबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये तिथं हा खेळ शोधला म्हणून. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कवायत करत होते. देऊळ उत्तम चाललंय.

अटलांटातली वास्तू २०१४ च्या ऑगस्टमध्ये उघडली. शेजारी ऑलिंपिकची बाग, मोठं मत्स्यालय, कोका-कोलाचं संग्रहालय आणि राज्याचं अवाढव्य प्रदर्शन केंद्र. म्हणजे किंग्ज आयलंडचाच तर्क, फक्त पाळणा काढून त्या जागी शार्क. नावाच्या आधी चिक-फिल-ए या कोंबडीच्या सँडविचवाल्यांचं नाव लागलं. ही उपाहारगृहं रविवारी बंद असतात. कॉलेजचे सामने शनिवारी असतात म्हणून निभावलं.

आतली एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. प्रवेशद्वाराशी तीन मजली भिंत आहे. तिच्यावर ओळीनं सातशेहून जास्त हेल्मेट बसवलेली, हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येक कॉलेजाचं एक. तिकिटाबरोबर गळ्यात पास मिळतो, त्यावर आपलं कॉलेज नोंदवायचं. लगेच भिंतीवरचं आपलं हेल्मेट उजळतं. बलाढ्य अलाबामाचं उजळतं तसंच, ज्याच्या मैदानात सामन्यापेक्षा गवत कापायला जास्त माणसं येतात अशा कॉलेजाचंही. पंचेचाळीस यार्डांचं मैदान आतच आहे, तिथं पोरं चेंडूला लाथा मारतात. संध्याकाळी त्याच हिरवळीवर टेबलं मांडून कंपन्यांच्या मेजवान्या होतात. कॉलेज फुटबॉलचा इतका नेमका पुतळा दुसऱ्या कुणी घडवला नसता.

मानकरी व्हायला नियम कडक आहेत. खेळाडू राष्ट्रीय पातळीवरच्या सर्वोत्तम संघात निवडलेला हवा, त्यानं कॉलेजचा खेळ सोडून दहा वर्षं उलटलेली हवीत आणि मैदानाबाहेर तो नागरिक म्हणून कसा वागला हेही बघतात. खेळाडूचं चारित्र्य बघतात, शहराचं बँकेचं पासबुक.

आणि ज्या पोरांच्या जिवावर ही शहरं एकमेकांवर कुरघोडी करत होती, त्यांनी कुणाकडून छदाम घ्यायचा नाही, हा नियम वर्षानुवर्षं सोवळ्यासारखा मिरवला गेला. स्वतःच्या नावावर नि चेहऱ्यावर चार पैसे कमवायची मुभा त्यांना २०२१ मध्ये मिळाली. त्याआधीचा एक खेळाडू रेगी बुश. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हा गडी बिजलीसारखा पळायचा. २००५ चा हाइझमन करंडक त्याला मिळाला, २०१० मध्ये गेला. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेमनं त्याला आत घेतलं, आणि त्यानंतर, २०२४ मध्ये, करंडकही परत आला. एनसीएए या नियामक संस्थेनं त्याच्यावर ठेवलेल्या ठपक्यात एक कलम असं होतं, की तो शिकत असताना त्याच्या घरचे लोक दुसऱ्यानं दिलेल्या घरात भाडं न भरता राहिले.