उद्या शिवराक

गोंयकाराला उद्याचं नियोजन जमत नाही, असा आरोप करणाऱ्याने काळे वाटाणे कधी शिजवले नसावेत. मासळीचं सोपं असतं. पणजीच्या मार्केटात सकाळी बांगडे दिसले तर बांगडे, तारले दिसले तर तारले. ठरवायचं काम समुद्र करतो, आपण फक्त भावावरून भांडायचं. वाटाण्याला मात्र आदल्या रात्री शब्द द्यावा लागतो. रविवारी रात्री नवरा सुंगटांच्या हुमणात बोटं बुडवून बसलेला असताना मी उठून डबा काढते आणि पातेल्यात वाटाणे ओतते. तो खडखडाट ऐकला की त्याचा चेहरा पडतो. उद्या सोमवार. उद्या शिवराक.

तरी सोमवार आठवड्यातून एकदाच येतो. खरी परीक्षा पावसाळ्यात. सरकार 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतं. ट्रॉलर पुन्हा समुद्रात उतरतात न उतरतात, तोवर श्रावण दारात उभा. म्हणजे सरकारी बंदी उठते आणि देवाची लागते. श्रावण सरला की चवथ, चवथीचं गोडधोड पचतंय तोवर म्हाळ, मग नवरात्र. या काळात आमच्या घरी काळ्या वाटाण्याला जो मान मिळतो, तो एरवी फक्त विसवणाला मिळतो. गोकुळाष्टमीला पेडण्यात माझ्या आईकडे आंबोळ्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं हवंच. कृष्ण लोणी खातो, ही वरच्या देशातली अफवा असावी.

आई पेडण्याची आणि सासूबाई डिचोलीच्या. दोन्ही मुलूख एके काळी सावंतवाडीच्या भोसल्यांचे. पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली 1510 साली, पण पेडणं त्यांच्या हाती लागलं थेट 1788 मध्ये. इतिहासकार याची कारणं लढायांत आणि तहांत शोधतात, शोधोत बापडे. माणसं पोचायच्या कितीतरी आधी त्यांनी आणलेली मिरची पेडण्यात पोचली असणार, एवढं मात्र मी आईच्या वाटपावरून सांगू शकते. हरमलची मिरची नसेल तर ती त्याला सांबारं म्हणतच नाही. त्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आईला ही बातमी सांगितली, तेव्हा सरकारला जाग यायला इतका उशीर का झाला, एवढंच तिने विचारलं.

या दोघींमध्ये माझा वाटाणा चांगलाच भरडला जातो. वाटाणे भिजवलेलं काळपट पाणी आई ओतून देते, पोटात वायू धरतो म्हणून. सासूबाईंच्या मते ते पाणी म्हणजेच वाटाण्याचं सत्त्व. मी ते फेकताना दिसले की त्या म्हणतात, ‘फेक हो, आमची ना नाही,’ आणि संध्याकाळपर्यंत बोलत नाहीत. आई खोबरं करपायच्या काठावर नेऊन उतरवते. सासूबाईंना ते बदामी रंगाचं हवं. आई वाटपात बडीशेप घालते, सासूबाई ती जेवण झाल्यावर चघळतात. बटाटा घालावा की नाही, हा विषय तर आमच्याकडे व्याही भोजनाच्या दिवशी काढायचाच नाही असं ठरलेलं आहे.

वाटाणा स्वतः या भांडणात तटस्थ. रात्रभर भिजूनही काही दाणे गणंगच राहतात, कुकरच्या कितीही शिट्ट्या होवोत, हे बाहेर येतात ते गेले तसेच. माल जुना असला की हे हमखास होतं, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून तो नेहमी ‘या वर्साचो’ असतो. सोडा टाकला तर दाणा मऊ पडतो, पण मग रश्श्याला साबणाची चव येते. म्हणून मी सोडा घालत नाही, आच मंद करून वाट बघते. काळा वाटाणा शिजला की नाही ते दिसण्यावरून कळत नाही, दोन बोटांत चिरडूनच बघावं लागतं. शिजलेला असो वा कच्चा, त्याचा चेहरा सरकारी कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसासारखा एकाच भावाचा.

मध्यंतरी अमेरिकेतून भाचा आला. त्याला काळ्या बीन्सचे बर्गर करायचे होते. ती बीन आपल्या राजम्याच्या जातीची, मूळची अमेरिकेची. ब्राझीलमध्ये डुकराच्या मांसाबरोबर तिचीच फेज्वाद करतात. गोव्यातल्या फेज्वादीत चोरीस पडतो आणि बीन लाल असते. हे सगळं तो मोबाईलवर वाचून दाखवत होता, तोवर सासूबाईंनी त्याच्यापुढे भिजलेले काळे वाटाणे ठेवले. ‘काळे हवेत ना? हे घे.’ त्याने ते शिजवले, चेचले, टिक्क्या थापल्या. त्या तव्यावर पसरल्या आणि तिथेच त्यांची उसळ झाली. सासूबाईंनी शांतपणे त्यात तांदळाचं पीठ घातलं, मग धणे, मग मेथी, मग हातावर थापून कढईत सोडलं. भाच्याने त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘गोवन बर्गर’. सासूबाई त्याला वडा म्हणत होत्या, आणि आईने फोनवर दोघांनाही खोडून काढलं.

सांबाऱ्याची खरी चव दुसऱ्या दिवशी उतरते. रात्रभर वाटप दाण्यात मुरतं, वर तेलाचा लालसर तवंग येतो. पण दुसरा दिवस मंगळवार. नवरा पहाटेच मार्केटात पळालेला असतो आणि परत येतो तो पिशवीतून शेपट्या बाहेर काढूनच. घरभर तळणीचा वास, सगळ्यांच्या ताटात बांगडा. मी पातेलं गरम करते, पदेराकडची पोई फाडते आणि ओट्यापाशी उभ्यानेच सुरू करते. परवा बांगड्याचा काटा काढता काढता त्याचं लक्ष माझ्या वाटीकडे गेलं. ‘थोडं उरलं आहे?’ त्याने विचारलं. पातेल्यात चांगलं दोन वाट्या होतं. मी त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या.