कितवी लेव्हल?

पुण्यात जपानी शिकणाऱ्या माणसाची ओळख करून देताना नावामागोमाग लेव्हल सांगायची पद्धत आहे. "ही आमची भाची, एन-थ्री झालीये." ऐकणारे काका कौतुकानं मान डोलावतात आणि विचारतात, "वा! मग आता एन-फोर कधी?" काकांना हसण्यात अर्थ नाही. जगात सगळीकडे इयत्ता वर चढत जातात, इथं मात्र पाचवीत नाव घालायचं आणि मजल दरमजल करत पहिलीत पोचायचं असतं.

या लेव्हल ठरवणारी जपानी भाषेची परीक्षा म्हणजे जेएलपीटी. ती 1984 पासून चालू आहे. पूर्वी चारच पातळ्या होत्या. तिसरी पास झालेली माणसं दुसरीच्या दारात वर्षानुवर्षं ताटकळायची, म्हणून 2010 साली मधे एक जादा पायरी बांधली, तीच ही एन-थ्री. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. सगळे प्रश्न पर्यायांचे. पेन्सिलीनं गोल काळे करायचे, बस्स. बोलायचं नाही, एक अक्षर लिहायचंही नाही. एन-वनचा पेपर पावणेतीन तासांचा आहे. तेवढा वेळ पुणेकर तोंड मिटून बसतो, यासाठी खरं तर वेगळं प्रमाणपत्र द्यायला हवं.

एन-वनला 180 पैकी 100 गुण लागतात. त्यात ऐकण्याच्या भागात 60 पैकी 19 पडले तरी चालतं, बाकीचं व्याकरण आणि वाचन भरून काढतं. म्हणजे जपानी अग्रलेख घडाघडा समजणारा आणि समोरचा जपानी माणूस काय म्हणतोय ते न समजणारा प्राणी कायद्यानं एन-वन असू शकतो. शिवाय प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख नसते. लग्नाआधी मिळवलेली एन-टू मुलं कॉलेजात गेल्यावरही बायोडेटात तशीच टवटवीत असते.

मग आपली खरी पातळी कळते कुठं? टोकियोतल्या कुठल्याही कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात. तुम्ही जेवणाचा डबा काउंटरवर ठेवता. पलीकडचा पोरगा एका दमात विचारतो: गरम करून देऊ का, पिशवी लागेल का, पॉइंट कार्ड आहे का? पुस्तकातल्या तानाका-सान बाईंनी हेच प्रश्न कसे सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारले असते. हा गडी अर्धी वाक्यं गिळतो आणि उरलेली अतिविनयानं लांबवतो. मागं रांग असते. अशा वेळी शिकाऊ माणूस सगळ्याला "हाय", म्हणजे "हो", म्हणून मोकळा होतो आणि बाहेर येतो तेव्हा हातात वाफाळता डबा आणि पैसे देऊन घेतलेली प्लास्टिकची पिशवी असते. 2020 च्या जुलैपासून तिथं पिशवी फुकट मिळत नाही, त्यामुळे हा "हाय" दर वेळी दोन-चार येनना पडतो.

दुसरी परीक्षा फोनवरची. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत, आणि दाताच्या दवाखान्यातली बाई तारीख सांगतेय. चार तारीख म्हणजे योक्का, आठ तारीख म्हणजे योओका. एवढ्याशा फरकावर माणूस चार दिवस आधी दात धरून दवाखान्यात हजर होऊ शकतो.

जपानी लोकांच्या कौतुकावरही फार विसंबू नये. "आरिगातो" म्हटलं तरी ते तुमच्या जपानीची तारीफ करतात. आपणही गोऱ्या माणसाच्या तोंडून "वडापाव" ऐकला की टाळ्या वाजवतोच. कौतुक बंद होऊन समोरचा नुसताच गप्पा मारायला लागला, महागाईबद्दल कुरकुरायला लागला, की समजावं, गाडी पुढं सरकली.

यावर कोणी म्हणेल, जपान्यांचं बरं, त्यांना आयतीच पहिली लेव्हल. तसंही नाही. तिथली मुलं सहावीपर्यंत 1,026 कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं, शिकतात, रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेल्या कांजी 2,136 आहेत, आणि खुद्द जपान्यांसाठी कांजीची वेगळी परीक्षा आहे. तिच्या सर्वांत वरच्या पातळीला सुमारे सहा हजार कांजी लागतात आणि तिथं भले भले जपानी आडवे होतात. मोबाइलवर टाइप करायची सवय लागल्यापासून तर साधी कांजी हातानं लिहायची वेळ आली की तेही पेन हवेत धरून थांबतात.

तेव्हा "कितवी लेव्हल?" याला एका आकड्याचं उत्तर नाही. एकच माणूस सकाळी सेन्सेईंसमोर, म्हणजे गुरुजींसमोर, एन-थ्री असतो, दुपारी फोनवर एन-फाइव्ह आणि रात्री ऑफिसच्या पार्टीत दोन बिअरनंतर थेट एन-वन. परीक्षा घेणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं. कोणत्या पातळीच्या लोकांना आपल्याला काय काय जमतं असं वाटतं, हे परीक्षार्थींनाच विचारून त्यांनी एक यादी केलेली आहे.

तशी यादी आपणही करावी. हॉटेलात फोन करून दोघांसाठी टेबल सांगता येतं का? लोकल मधेच का थांबली, ते घोषणेवरून कळतं का? सहकाऱ्याच्या विनोदावर इतरांबरोबर हसू येतं, की इतरांचं बघून? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं लिहावं, यादी दुसऱ्या कोणाला दाखवायची नाहीये. डिसेंबरचा फॉर्म भराच, नोकरीसाठी तो कागद लागतो. आणि काकांनी पुन्हा विचारलं, तर सरळ सांगा, "काका, डबा गरम करून घेण्यापुरतं येतं."