एकवीस धावांचा भाऊ

हॅम्बुर्गच्या बंदराला लागून सेंट पाउली नावाची वस्ती आहे, आणि त्या वस्तीचा त्याच नावाचा फुटबॉल संघ आहे. चाहत्यांच्या झेंड्यावर कवटी आणि खाली दोन हाडं. इतकं भयानक निशाण मिरवणाऱ्या या संघाने २०२४-२५ च्या हंगामात जर्मनीच्या सर्वोच्च साखळीत ३४ सामने खेळून एकूण २८ गोल केले. त्याच हंगामात बायर्न म्युनिकच्या हॅरी केनने एकट्याने २६ केले. माझा भाचा नोकरीनिमित्त त्या शहरात असतो. बायर्नच्या मागे लागून सुखात राहायची सोय असताना त्याने हा संघ पत्करला, आणि आता शनिवारी रात्री फोनवर त्याचा आवाज वधूपक्षाच्या बोलण्यातल्यासारखा पडेल येतो. "मामा, गोल आम्ही फारसे खात नाही. पण घालायला माणूसच नाही." खरं आहे. खाल्लेले गोल ४१, म्हणजे तक्त्यात वर बसलेल्या कित्येकांपेक्षा कमी. एवढ्या भांडवलावर संघ अठरांत चौदावा आला आणि साखळीत टिकला. कुणाला फारसं न दुखावता वर्ष काढणारी माणसं असतात, तसं त्यांनी ते वर्ष काढलं.

मला नवल वाटतं ते याचं, की हा पोरगा सांगलीच्या वाळवा तालुक्यातला. आक्रमणाची टंचाई म्हणजे काय हे त्याला जर्मनीला जाऊन कळलं, कारण इकडे ती कधी नव्हतीच. आमच्या भागात कबड्डी खेळणारं प्रत्येक पोर जन्मतःच चढाईपटू असतं. मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावायचा, दम घेऊन पलीकडे शिरायचं, मैदानाबाहेर बसलेल्या समस्त गावाकडे एक तिरपा कटाक्ष टाकायचा, हे सगळं त्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते कोपऱ्यात उभं राहायला. आमच्या शाळेचा संघ होता. सातही जण चढाईचे आणि राखीव पोरंही चढाईची. मी त्या राखिवांतला. पकडीसाठी आम्ही हातात हात घालून साखळी धरायचो खरी, पण प्रत्येकाचा एक डोळा मध्यरेषेवर: आपली पाळी कधी येते? समोरचा गडी ज्याला हात लावील तो बाद, एवढंच आमचं बचावाचं शास्त्र. गुण भरपूर मिळायचे आणि त्याहून भरपूर जायचे. आमचे मास्तर रेषेबाहेरून ओरडायचे, "आरं, सगळीच बाहिर पळाली तर घरात कोन ऱ्हाणार?" नुसत्या शेंगदाण्यांचं भडंग करावं, तसा आमचा संघ होता. खायला घेणारा खूश होतो, मूठभर खाल्ल्यावर काय चुकलंय ते त्याच्या लक्षात येतं.

पुढे हीच गोष्ट मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि वाळवा तालुक्यातल्याच कासेगावचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून खेळू लागला. त्याची चढाई पाहताना गुण किती झाले हे विसरायला व्हायचं. पकडायला झेपावलेल्या बचावपटूच्या अंगावरून तो पलीकडे झेप घ्यायचा, आणि त्या क्षणी टीव्हीसमोरची अख्खी पंगत उठून उभी राहायची. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात स्पर्धेतला सर्वोत्तम चढाईपटू ठरला तो काशिलिंग. आणि त्याची दिल्ली? उपांत्य फेरीतसुद्धा नव्हती. चढाई तीस सेकंदांची असते. तीस सेकंद तो मैदानाचा राजा असायचा. मग तो परत यायचा, समोरचा गडी यायचा, आणि राजाला प्रजेबरोबर साखळी धरून उभं राहावं लागायचं. दूर दिल्लीचं नाव छातीवर घेतलेल्या त्या संघाचा पराभव आमच्याकडे घरोघरी साजरा झाला, असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण तसंच होतं. सामना कोण जिंकलं हे सकाळी कुणी विचारायचं नाही. काशीनं किती आणले, एवढाच प्रश्न.

सांगलीकडून बाहेर गेलेल्या बहुतेकांच्या कपाळी हाच योग असावा. माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाला १३ फेब्रुवारी २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच लिलावात बंगळुरूने ३ कोटी ४० लाखांना घेतलं आणि कर्णधार केलं. शेजारी एलिस पेरी, सोफी डिव्हाईन, हीदर नाईट. नावं वाचूनच धाप लागावी. हा संघ पहिले पाच सामने ओळीने हरला. पुढच्या वर्षी, १७ मार्च २०२४ ला, त्याच बंगळुरूने करंडक उचलला. पण अंतिम सामना फिरवला तो फिरकीने. दिल्लीची सलामीची जोडी ६४ पर्यंत बिनबाद होती आणि सगळा डाव ११३ वर आटोपला. सोफी मोलिनोने एका षटकात तीन गडी टिपले, श्रेयांका पाटीलने चार. तिथे सांगलीच्या बाईंनी काय केलं? ३९ चेंडूंत ३१. चौकार-षटकारांची सवय असलेल्या माणसाला त्या धावा बेचव वाटतील. मला मात्र तिचा तो डाव फार आवडला. घरात राहायला ती शिकली होती.

सातारकरांनी हा सगळा घोळ फार पूर्वी मिटवून टाकलाय. त्यांनी संघच काढला नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवून साताऱ्यातून सांगलीत उतरते, पण वाटेत तिचा स्वभाव बदलत असावा. सातारचा खेळाडू एकटा खेळतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये, साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमध्ये, हो, जर्मनीतच, धनुर्विद्येची जगज्जेती झाली. वय १७. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराविरुद्ध १४९-१४७. सरावाचं मैदान उसाच्या फडाच्या कडेला. गोल घालायला माणूस नाही म्हणून जो देश शनिवारी रात्री हळहळतो, त्याच देशाच्या राजधानीत जाऊन या मुलीने १५ बाणांत एक गुण तेवढा सोडला.

पण एकटं म्हणजे तरी किती एकटं? खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आखाड्याच्या फोटोत खाशाबाच दिसतात. राखीव बाकावर, घराची कागदपत्रं मांडीवर घेऊन बसलेले प्राचार्य कोणत्याच फोटोत नाहीत.

या सगळ्या मंडळींत माझा जीव ज्याच्यात गुंतलाय, त्याच्याकडे आता येतो. विजय हजारे हे सांगलीचे. जन्म १९१५, वडील शाळेत मास्तर. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना होता. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे चार संघ, आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांचा पाचवा, त्याला 'द रेस्ट' म्हणत; म्हणजे उरलेसुरले. ख्रिस्ती असल्यामुळे हजारे या उरल्यासुरल्यांत. असमतोल संघ कसा बनवावा याचा याहून सोपा नियम कुणाला सुचणार नाही: जे कुणाचेच नाहीत ते सगळे एका बाजूला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. उरलेसुरले पहिल्या डावात १३३ वर गारद. दुसऱ्या डावात हजाऱ्यांनी ३०९ केल्या. संघाची बेरीज झाली ३८७. एका माणसाने ३०९, आणि बाकी दहा जण अधिक अवांतर धावा मिळून ७८.

या ७८ मध्येच ते २१ आहेत. हजाऱ्यांचा सख्खा भाऊ विवेक समोरच्या टोकाला होता. दोघांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली आणि तीत विवेकचा वाटा २१ चा. मी हा आकडा कितीदा तरी मनात फिरवून पाहिलाय. बावीस यार्डांच्या त्या पट्टीवर एका बाजूने त्रिशतक चाललंय. दुसऱ्या बाजूने एक माणूस येणारा प्रत्येक चेंडू जमिनीलगत दाबतोय, बॅटीखाली त्याला गप्प करतोय आणि मान वर करून भावाकडे पाहतोय. एकेरी धाव हवी? पळाला. नको? थांबला. प्रेक्षक टाळ्या वाजवताहेत, पण त्या आपल्यासाठी नाहीत हे ज्याला पूर्ण माहीत आहे, त्याचं तासन्‌तास तसं उभं राहणं मला चढाईहून अवघड वाटतं. षटकं बदलताना मधोमध भेटल्यावर दोघं काय बोलले असतील? बहुधा काहीच नाही. भावांमध्ये बोलायचं काय? "बघून खेळ" एवढं म्हणाला असेल थोरल्याला. किंवा बुटाची नाडी सुटलीय म्हणाला असेल.

आणि तरीही उरलेसुरले एक डाव आणि ६१ धावांनी हरले. चार वर्षांनी हजारे ॲडलेडला गेले, ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५ काढल्या. त्या दुसऱ्या डावात भारताच्या सहा फलंदाजांना एकही धाव काढता आली नाही, आणि सामना पुन्हा डावाने गेला. त्या वेळी समोरच्या टोकाला विवेक नव्हता. असता तर भारत जिंकला असता असं मी म्हणणार नाही. क्रिकेट इतकं कनवाळू नाही. पण हजारे आणखी थोडा वेळ खेळले असते, एवढं मात्र नक्की.

आमच्याकडे यात्रेच्या दिवसांत रात्री प्रकाशझोतात कबड्डीचे सामने लागतात. पाणी मारून चोपलेली माती, चुन्याच्या रेषा, कर्ण्यावरून सगळ्या मान्यवरांची नावं. तुम्ही कधी या बाजूला आलात तर जरूर बसा. चढाई करणाऱ्याकडे सगळं गाव बघतंच असतं, तुम्ही थोडा वेळ डाव्या कोपऱ्यातल्या पोराकडे बघा. गुडघ्याला जुनी चिकटपट्टी, तळवे मातीने लाल, पाठ वाकलेली. शत्रूचा पाय निदान रेषेकडे सरकला की तो घोटा धरून आडवा पडतो. मग बाकीचे सहा जण वर पडतात, धूळ उडते, शिट्टी वाजते, आणि कर्ण्यावर नाव पुकारतात ते सगळ्यात वरती पडलेल्याचं. खाली कोण होतं ते कर्ण्यावाल्याला जाऊन सांगा. तो ऐकतो.