डोळे चोळण्याचं सुख

काही सुखं फुकट मिळतात, आणि बहुधा म्हणूनच डॉक्टरांना ती बघवत नाहीत. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात खाज सुटावी, आसपास कोणी नसावं आणि मुठी वळून दोन्ही डोळे मनसोक्त चोळावेत. त्या अर्ध्या मिनिटात माणसाला दुसरं काहीही नको असतं. नंतरचा अर्धा तास मात्र डोळे इंगळासारखे लाल घेऊन बसावं लागतं आणि वर आतल्या खोलीतून विचारणा होते, “अहो, पुन्हा चोळलेत ना?”

डोळे चोळू नका, हे डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. पापणीच्या आतल्या पातळ आवरणात मास्ट पेशी नावाचं एक तापट प्रकरण असतं. एखादा निरुपद्रवी परागकण तिथे टेकला, की या पेशी हिस्टामिन सोडतात. मग खाज, लाली, सूज आणि पाणी. इथवर निसर्गाचं काम, पुढचं आपण करतो. चोळण्याच्या दाबानं त्याच पेशी आणखी हिस्टामिन सोडतात. भावाभावांचं भांडण मिटवायला आलेल्या काकांनी नेमका जमिनीच्या वाटणीचा विषय काढावा, तसं आपल्या बोटाचं होतं.

होळीच्या आगेमागे वावळाचं झाड फुलतं आणि माझी तब्येत उतरते. फूल डोळ्यांत भरण्यासारखं मुळीच नसतं, परागकण तेवढे भरतात. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजतं. या गवताची आपल्याकडची पहिली नोंद 1955-56 च्या सुमाराला झाली, तीही पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात. पुढे ते देशभर पसरलं, पण पहिला मान पुण्याचा. पुणेकराला अभिमानाला एवढं कारण पुरतं, डोळ्यांतून पाणी गळत असलं तरी.

या पाण्याचे सामाजिक फायदे आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये होमाचा धूर कोंडलेला असतो, पाठवणीच्या वेळी माझा रुमाल डोळ्यांना लागलेला असतो आणि नवरीपेक्षा माझंच कौतुक होतं. “मामा फार हळवे हो!” मी ते खोडून काढत नाही. लिफ्टमध्ये मात्र हेच डोळे उलटतात. “डोळे आलेत वाटतं?” असं म्हणून माणसं भिंतीला चिकटतात. ॲलर्जी लागट नसते, हे चौथ्या मजल्यापर्यंत समजावून होत नाही. खरं तर मुख्य तक्रार खाजेची, डोळे दोन्ही आणि पाणी पातळ, असं असलं की संशय ॲलर्जीवर जातो. पिवळी चिकट घाण येऊन सकाळी पापण्या चिकटल्या, तर संसर्गावर. आणि दुखायला लागलं, उजेड सोसेना, दिसणं धूसर झालं, तर मात्र लिफ्टमध्ये चर्चा करत न बसता दवाखाना गाठायचा.

या दुखण्याला वंशावळ चांगली आहे. 1819 मध्ये लंडनच्या डॉ. जॉन बोस्टॉक यांनी डॉक्टरांच्या सभेत एका रुग्णाची हकिगत वाचली. लहानपणापासून दर उन्हाळ्यात डोळे लाल होऊन खाजणारा तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच. त्यांनी रक्त काढून पाहिलं, थंड पाण्यानं आंघोळी केल्या, अफूही घेतली, गुण नाही. दोष त्यांनी उन्हाळ्याला दिला. खरा आरोपी सापडायला मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यावे लागले. हेही स्वतः रुग्ण. चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या पतंगाला बांधून त्यांनी उंचावरचे परागकण पकडले आणि 1873 मध्ये सगळं पुस्तकात मांडलं. पतंग उडवण्याला एवढं भारदस्त कारण लहानपणी मला सुचलं नाही.

आपल्याकडे पतंगाची गरज नसते, कारण प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. मध घाला, गुलाबपाणी घाला, धन्याच्या पाण्यानं धुवा. एका आजींनी बाळंतिणीचं दूध सुचवलं. ते सोसायटीत कोणाकडे आणि कोणत्या तोंडानं मागायचं, हे सांगितलं नाही. यातलं काहीही डोळ्यात घालू नये. निर्जंतुक नसलेला पदार्थ डोळ्यात गेला, की खाजेचं निमित्त होऊन भलतंच काही पदरात पडतं.

घरातला शत्रू गादीत राहतो. धुळीतला माइट जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा, आपल्या अंगावरून गळालेल्या त्वचेच्या कणांवर जगणारा. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून भागवतो, त्यामुळे पावसाळा त्याला मानवतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. हे मी घरी वाचून दाखवलं, तेव्हा “म्हणजे इतकी वर्षं आपण त्यांना जेवू घालतोय?” एवढंच उत्तर आलं आणि त्याच दुपारी चादरी-अभ्रे कढत पाण्यात गेले. साठ अंशांच्या पाण्यात माइट मरतात. झटकण्यानं धूळ उडते म्हणून दिवाळीच्या साफसफाईतून सुटका होईल, अशी मला आशा होती. माझ्या हातात ओलं फडकं देण्यात आलं.

खाज शमवायला सगळ्यात गुणाचा आणि सगळ्यात कमी रुबाबाचा उपाय म्हणजे मिटल्या डोळ्यांवर गार पाण्याची स्वच्छ घडी. बाहेरून आल्यावर हात-तोंड धुणं, बाहेर जाताना गॉगल, आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे ड्रॉप्स. मुलांच्या बाबतीत मात्र गंमत बाजूला ठेवतो. वर्षानुवर्षं जोरजोरात डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा धोका वाढतो आणि मग चष्म्यानंही नीट भागत नाही.

तेव्हा एक करा. फ्रिजच्या दारात किंवा औषधांच्या डब्यात ड्रॉप्सची जुनी बाटली असेलच, ती काढा. उघडून महिना झाला असेल तर फेकून द्या. आणि तिच्यावर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल, तर ते स्टिरॉइड आहे. त्यानं डोळे दोन दिवसांत पांढरेशुभ्र होतात, म्हणूनच शेजारी ते प्रेमानं सुचवतात. पण देखरेखीशिवाय ते घालत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतात. शेजाऱ्यांकडून विरजण आणा, ड्रॉप्स आणू नका.